तेहतीस फुटांची साखळी

परवा इथे परदेशात, ट्रॉयमधल्या घरी, बाबांची जमीन मोजायची साखळी ड्राइव्हवेवर तेल लावायला काढली. ते गेल्यावर मी ती इकडे आणली होती. गंजक्या लोखंडाचा वास आला आणि शिकत असतानाचा एक फोन आठवला.

पिस्कॅटवेच्या विद्यापीठात शिकत असताना मी ऑस्ट्रेलियातल्या एका पॅरिशचा नकाशा कॉम्प्युटरवर चढवत होतो. तिथे पॅरिश म्हणजे इंग्रजांनी पाडलेला रानाचा तुकडा. एका अंगाला नदी, बाकी सरळ रेघा, लांबी साखळ्यांत लिहिलेली. प्रोफेसर तासाभरात येणार होते आणि माझी हद्द नदीच्या अलीकडे, निम्म्यातच संपत होती.

"मीटिंग कॅन्सल कर, यार," शेजारचा निखिल म्हणाला.

मी साताऱ्याला घरी फोन लावला. बाबा सरकारी मोजणीदार होते.

"बाबा, साखळी तेहतीस फुटांचीच ना?"

"आपली तेहतीस. त्यांची सहासष्ट." मग हळूच म्हणाले, "तू हिशेबात माझी साखळी धरलीस?"

"हो."

पलीकडून आवाजच येईना. एवढं शिकून हे कळत नाही म्हणून चिडले असणार, या भीतीने मी घाईघाईने फोन ठेवला. आकडे दुप्पट केले, हद्द नदीला टेकली; ती भीती मात्र गेली नाही.

परवा ड्राइव्हवेवर माझी लेक फोनमध्ये बघून म्हणाली, "बाबा, अ चेन इज सिक्स्टी-सिक्स फीट."

"ती त्यांची. आपली तेहतीस," मी म्हणालो, आणि बाबांचेच शब्द आपल्या तोंडून ऐकून पुढे बोलवेना.

ती घाबरून माझ्याकडे बघत राहिली. "आर यू मॅड अ‍ॅट मी, बाबा?"