अर्जेंटिना लागते, मेळघाट लागत नाही

आमच्या अकोल्याच्या साडभाऊंइतका आभाळाकडे बघणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा सापडायचा नाही, आणि पाऊसपाण्याशी त्या बघण्याचा काडीइतकाही संबंध नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, आणि निवृत्त झाल्यावर हौशी रेडिओचं, म्हणजे घरच्या यंत्रावरून जगभर बोलायचं, जे खूळ एका कोपऱ्यातल्या टेबलापुरतं होतं ते घरभर पसरलं. लोक झाडाखाली सावलीला थांबतात, हे तार टांगायला फांदी किती उंच आहे ते बघायला थांबतात. माझ्या मुलीच्या लग्नाला अमरावतीला आले तेव्हा नवरदेवाच्या आधी त्यांनी मांडवाचे खांब पाहिले, आणि "इथून त्या पाण्याच्या टाकीलोक तार ताणली तं काय मजा येईन, भाऊ!" असं थेट माझ्या व्याह्यांना ऐकवलं. व्याही भले, त्यांना वाटलं रोषणाईचं बोलतायत. चिखलदऱ्याला आम्ही सगळे दरी बघून हरखलो होतो, तर हे दरीकडे पाठ करून एका सागाच्या शेंड्याकडे टक लावून उभे. घरातले दात घासायचे ब्रश जुने व्हायच्या आत नाहीसे होत, कारण त्यांच्या दांड्यांना भोकं पाडून साडभाऊ त्यातून तार ओवत. "याच्यातून करंट जात नाही," हे त्यांचं स्पष्टीकरण. पाहुण्यांनी आपापले ब्रश उशाखाली ठेवावेत, असा त्या घराचा रिवाजच पडला होता.

खरी अडचण जागेची होती. त्यांच्या यंत्राला हवी सहासष्ट फूट तार आणि घरामागची बाग जेमतेम पंचवीस फूट, त्यातही ताईंची तुळस, कढीपत्ता आणि कपडे वाळत घालायची दोरी. मग तार गच्चीवरच्या बांबूपासून निघून शेजाऱ्यांच्या कडुनिंबावर जायची, तिथून वळून पलीकडच्यांच्या शेवग्यावर. झाडावर तार चढवायची म्हणजे आधी दोरीला दगड बांधून तो फांदीवरून पलीकडे फेकायचा. एकदा त्या दगडानं शेजाऱ्यांच्या छपराची दोन कवेलू फोडली, म्हणून यांनी सुधारणा केली आणि दगडाच्या जागी लिंबू बांधलं. लिंबू नेमकं अडकलं कडुनिंबात, आणि नेमकी त्या दिवशी अमावस्या. सकाळी शेजारच्या आजींना आपल्या दारावर दोऱ्याला लटकलेलं लिंबू दिसलं. त्यांनी जो आरडाओरडा केला त्यानं गल्ली जमा झाली. साडभाऊ हात जोडून सांगतायत, "आजी, करणी नोय, अँटेना होय!" आणि आजी म्हणतायत, "नाव कोणतंही ठेव रे बाबा, पयले ते उतरव!" ताईंनी त्यांना महिनाभर घरातलं लिंबू हाताळू दिलं नाही.

पण त्या तारेनं जग आणलं हे खरं. अर्जेंटिनातला कोणी गायी पाळणारा, जपानातले एक दंतवैद्य, यांच्याशी साडभाऊ घरच्यासारखे बोलत. ताईंना मात्र त्यातला एकही माणूस नको होता, त्यांना हवी होती गुड्डी. गुड्डी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, मेळघाटातल्या एका आडगावी डॉक्टर. तिथं मोबाइलची रेंज नाही, बाजाराच्या दिवशी ती मोठ्या गावी आली की काय तो फोन. वडिलांनी कॉलेजात असतानाच तिला रेडिओच्या लायसनची परीक्षा द्यायला लावली होती, जाताना यंत्रही बांधून दिलं होतं. रोज दुपारी चारला दोघं आपापल्या यंत्रापुढे बसत आणि रोज नुसती खरखर. साडभाऊ बांबूला बांबू जोडून तार उंच करत गेले. जितकी उंच, तितकी अर्जेंटिना स्पष्ट आणि गुड्डी गायब. ताई दारात उभ्या राहून म्हणायच्या, "साऱ्या दुनियेची खबर येऊन राहिली, अन् आपली पोरगी जेवली का नाही थे समजत नाही. काय चाटाची आहे तुमची तार?" अशा वेळी साडभाऊ खाली मान घालून यंत्राची बटणं पुसत बसत, आणि आम्हालाही चहा गोड लागत नसे.

मग एप्रिलात वादळ आलं. बांबू मोडला, तार खाली येऊन कपड्यांच्या दोरीशेजारी डोक्याइतक्या उंचीवर लोंबली. दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंना वाटलं, नवऱ्यानं शेवटी एक कामाची गोष्ट केली, आणि त्यांनी तिच्यावर चादर वाळत घातली. आत साडभाऊंनी सवयीनं यंत्र लावलं आणि खरखरीतून स्वच्छ आवाज आला, "बाबा, ऐकू येऊन राहिलं का? ओव्हर." भूगोलाच्या मास्तरांनी कपाळावर हात मारला. उंच तार आवाज लांब फेकते, मेळघाटाच्या डोक्यावरून पार साता समुद्रापलीकडे; बुटकी तार तो सरळ वर पाठवते आणि तो आभाळाला आपटून आसपासच खाली उतरतो. ताई ओल्या हातांनी धावत आल्या आणि माइककडे हात केला, तर साडभाऊंनी माइक मागे घेतला. "लायसन नाही तुले."

"मायले पोरीशी बोलाले लायसन लागते काय?"

"मायले नाही लागत, मशीनीले लागते. नियम म्हणजे नियम. तू मले सांग, मी विचारतो."

मग ताई विचारायच्या, साडभाऊ तेच माइकमध्ये म्हणायचे, आणि "शेवयाचा डबा भेटला का, ओव्हर" असली वाक्यं आकाशात जायची. पण स्वतःच्या तोंडानं लेकीला हाक मारता येईना, हे ताईंना फार लागलं. साठीच्या त्या बाईनं नवऱ्यालाच मास्तर केलं आणि कणीक मळताना ओहमचा नियम पाठ केला. कपडे गच्चीवर गेले, आणि बागेतल्या तारेला रुमालसुद्धा टांगायची कोणाची टाप उरली नाही. परीक्षेत त्या पास झाल्या. लायसन यायला मात्र इतका उशीर लागला की तोवर गुड्डीच्या गावात मोबाइलचा टॉवर उभा राहिला.

आता फोन रोज येतो. "आई, बरी आहेस ना? पेशंट आलेत, ठेवते." एवढाच. त्यामुळे लायसन आलं त्या दिवशी ताईंनी हट्टच धरला की चारला रेडिओवरच बोलायचं. मी नेमका तिथं होतो. गुड्डीचा आवाज आला आणि साडभाऊंनी स्वतःच्या हातानं माइक बायकोला दिला. ताईंनी लायसनवरचं आपलं सांकेतिक नाव अडखळत, पण बरोबर म्हटलं, आणि सवयीनं नवऱ्याकडे बघितलं. साडभाऊ हळूच म्हणाले, "बोल ना आता, कोणी आडवत नाही."

ताईंनी डोळ्यांना पदर लावला. "गुड्डे, फोनवर तू लय घाईत रायतं. इथं बोल. मी बसली आहो ऐकत. ओव्हर."

साडभाऊ उठून बागेत गेले आणि पहिल्यांदाच मी त्यांना आभाळाकडे न बघता उभं राहिलेलं पाहिलं. डोक्याइतक्या उंचीच्या त्या तारेला एका बोटानं हलकेच धरून, ते खिडकीतून येणारं लेकीचं बोलणं ऐकत होते.