हिचा मुराळी

चौथीत आम्ही हेल काढून कविता म्हणायचो. आज सकाळी नातीनं घरातल्यांची बकेट लिस्ट तशीच हेल काढून वाचली, अन् तोच हेल कानात घुमला.

नातीला समुद्र पाहायचाय. सूनबाईला गाडी शिकायचीय.

"आजी, तुझं काय?"

ही भाकरी थापत म्हणाली, "मुराळी यावा एकदा."

मुराळी म्हणजे लेकीला माहेरी न्यायला येणारा. हिचा भाऊ वारल्यापासून देगलूरहून कुणी आलंच नाही.

"चल, मी नेतो की!"

"तुमच्यासंगं गेल्यावर मी पाहुणी. मुराळ्यासंगं लेक."

मित्रांनो, इतक्या वर्षांत मी हिला कधी विचारलंच नव्हतं. तुम्ही विचारलंय का घरात?

एवढं लिहिलं अन् दार वाजलं. नातीनं गुपचूप फोन केला होता म्हणे. दारात हिची म्हातारी भावजय, एसटीनं एकटीच आलेली.

"वन्सं, पिशवी भरा. मुराळी मीच हाय."