कढीला कोणतं भांडं

परवा दुपारी जळगावला नातसुनेच्या ओट्यापाशी बसले होते. तिने आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात कढी घेतली आणि मायक्रोवेव्हचं दार उघडलं…

म्हटलं, "थांब गं. तो डबा गारठ्यासाठी केलाय, तापवायला नाही." मग तिने सोनेरी काठाचा वाडगा काढला. तोही परत ठेवायला लावला, असल्या काठाच्या ठिणग्या उडताना मी पाहिल्यात. शेवटी जाड काचेचा साधा वाडगा निघाला.

आत पिवळा उजेड लागला आणि वाडगा हळूहळू गोल फिरायला लागला. मी बघत बसले… बघता बघता दोंडाईचाला पोचले.

सत्तर साल लागायचं होतं, माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ननंदेला बघायला पिंपळनेरचे पाहुणे येणार म्हणून सकाळीच मातीच्या मडक्यात कढी करून ठेवलेली. माझ्या सासूला, अक्कांना, पाहुण्यांपुढे मडकं गरिबीचं वाटलं. त्यांनी कढी पितळी पातेल्यात ओतली… बाहेरून घासून सोन्यासारखं, पण आतली कल्हई पार उडालेली.

दुपारपर्यंत कढीच्या काठाला हिरवी रेघ आली. माहेरी पहूरला असल्याच पातेल्यातलं ताक पिऊन आमचं अख्खं घर ओकताना मी पाहिलं होतं.

पण पाहुणे पाटावर बसलेले, आणि नव्या सुनेने चारचौघांत सासूचं भांडं वाईट म्हणायचं? जीभ माझी तेव्हाही धारेची होती, पण म्यानात होती.

मी पदर सावरत उठले आणि जाता जाता पातेल्याला पाय लावला. कढी चुलीपर्यंत वाहत गेली… पिवळी, संथ, कसली घाई नसल्यासारखी.

"तुना डोया फुटी ग्यात का वं?" अक्का सगळ्यांदेखत म्हणाल्या. मी मान खाली घातली. पाहुणे वरणावर जेवले आणि ननंदेचं जमलं. कढीवाचून कोणाचं लग्न अडत नाही.

आठवड्याने कल्हईवाला आला, कडुनिंबाखाली भाता लावून बसला. तापल्या पातेल्यात नवसागर पडला, पांढरा धूर उठला, त्याने कापसाचा बोळा गोल गोल फिरवला… आणि पितळेच्या पोटात चांदणं पसरलं. मी आणि अक्का शेजारी शेजारी बसून नुसत्या बघत होतो.

पातेलं पाण्यात बुडवून गार झालं, तशी अक्कांनी त्याच्या कुशीवर बोट फिरवलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पुढला टाईमले माले सांगी दे. लाथ नको मारू, पोचा पडस."

त्या दिवसापासून आंबटाला कोणतं भांडं घ्यायचं, ते अक्का मला विचारायला लागल्या.

मशीन वाजलं, वाडगा थांबला. नातसुनेने गरम कढी पुढे ठेवली आणि म्हणाली, "आजी, बरं झालं सांगितलंत."

सांगायला काय जातं… ऐकणारी भेटली, हे बरं झालं. गुडघा आता तेवढा उचलत नाही.