केतकी बेंचवर बसणार, असं मी म्हणाले होते

थांबा, हे आत्ताच सांगते, नाहीतर ग्रुपवर एक अक्षर टाइप होणार नाही! उद्या आमच्या युनिची बास्केटबॉल सेमीफायनल, सगळे माझं भाकीत मागतायत, आणि शेजारी कुणीतरी दुखण्यावरचा स्प्रे मारला. त्या वासाने मी थेट मास्टर्सच्या पहिल्या वर्षात, हॅम्बर्गच्या आमच्या किचनमध्ये पोचले.

पोहे खाता खाता मी म्हणाले होते, "सेमी जिंकणार, पण फायनलला केतकी बेंचवर!" केतकी म्हणजे माझी रूममेट, टीमची कॅप्टन. ती ओरडली, "गधडे, शुभ बोल! वास्तू तथास्तु म्हणते!"

"जर्मन वास्तूला मराठी कुठे कळतंय?"

सेमीत ती उडी मारून पडली आणि उठलीच नाही. बुटांची चरचर थांबली. कुणीतरी स्प्रे मारला, हाच झोंबरा, गार वास. या शहरात मला तिच्याशिवाय होतं कोण? मी धावत गेले, तर गुडघा धरून ती म्हणाली, "आता म्हण, केतकी फायनल खेळणार. मोठ्याने!" सगळ्या हॉलसमोर मी मराठीत ओरडले.

फायनलला ती बेंचवरच होती. तिने मला ओरडायला लावलं तेव्हा वाटलं होतं, ती माझ्यावर चिडलीय. आज कळतं, माझ्यापेक्षा तीच जास्त घाबरली होती.

उद्याही ती खेळतेय. मी अजून काहीच लिहिलेलं नाही. आपल्या माणसाबद्दल बोलताना तुमचीही कधी अशी टरकलीय का?