न उघडलेलं पातेलं

पातेलं जसं दिलं होतं तसंच परत आलं. झाकणाच्या कडेनं आईनं लावलेली कणीक कुठेही तडकलेली नव्हती.

रविवार, दुपारी दीड. नाशिकमधलं आमचं चर्च. वर्धापनदिनाचं प्रीतिभोजन संपत आलेलं. महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी मागच्या व्हरांड्यातल्या टेबलाखालून ते पातेलं माझ्याकडे सरकवलं. पायानं. त्यांच्या हातात कस्टर्डची वाटी होती.

“आईला सलाम सांग,” त्या म्हणाल्या. “आणि सांग, तुमचं तिखट असतं. मंडळींना सोसत नाही.”

“तुम्ही चाखलंत?”

“वासावरून कळतं रे.”

कणकेनं बंद केलेल्या पातेल्याला वास येत नाही. बाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. तीस वर्षं त्यांनी विज्ञान शिकवलं.

दोन वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मी सव्वीस वर्षांचा होतो. सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होतो, आणि चर्चच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. आमच्याकडे वर्धापनदिन दोन दिवस चालतो. शनिवारी सामने. रविवारी सकाळी उपासना, दुपारी जेवण, चार वाजता अंतिम सामना. जेवणासाठी मंडळीतल्या प्रत्येक घरानं एक पदार्थ आणायचा आणि सगळ्यांनी एकत्र बसून खायचं, असा रिवाज. ख्रिस्तात आपण सगळे एक, हे दाखवण्यासाठी. पाळकसाहेब हे वाक्य दर वर्षी जेवणाआधी म्हणतात.

आदल्या दिवशी, शनिवारी, उपांत्य सामना पेनल्टीवर गेला होता. मी दोन अडवल्या. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. याच सेक्रेटरीबाई मैदानात आल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवून पाहुण्यांना म्हणाल्या, “हा आमचा मुलगा बरं का.” त्यांचा खरा मुलगा, रोहन, आमचा कॅप्टन. तो शेजारीच उभा होता. मला त्या क्षणी बरं वाटलं होतं. हे लपवण्यात अर्थ नाही.

पातेलं आईचं. जर्मनचं, पाच किलोचं. त्यात काळ्या मसाल्याचं मटण. आई दर वर्षी तेच करायची आणि स्वतः रिक्षानं न्यायची, स्वतः परत आणायची. त्या वर्षी तिचा गुडघा सुजला होता, म्हणून स्कूटरवर पायात धरून मी नेलं. म्हणूनच मला कळलं. गुडघा बरा असता तर मी आजही त्यांचा गोलकीपर असतो.

लहानपणी वर्धापनदिनाचा रविवार आम्हा भावंडांना फार आवडायचा. आम्ही जेवणानंतर चर्चच्या मैदानात खेळत राहायचो. संध्याकाळी घरी यावं तर आई चुलीपाशी आणि पातेलं काठोकाठ भरलेलं. “उरलं,” आई म्हणायची. मग ती वाटे करायची. एक शेजारच्या शमीमचाचींकडे; मटण त्यांच्याच दिराच्या दुकानातलं असायचं. एक समोरच्या मामींकडे. त्या माळकरी नवऱ्याला चुकवून मागच्या दारात उभ्या राहून खायच्या. चाळीत सगळे त्याला चर्चचं मटण म्हणायचे आणि वर्षभर वाट बघायचे. मला वाटायचं, आपली आई इतकं जास्त करते की चारशे माणसं जेवूनही संपत नाही.

चारशे माणसांतल्या एकानंही झाकण उघडलेलं नव्हतं. सगळी वर्षं.

कारण सांगायला फार वेळ लागत नाही. माझे आजोबा येवल्याजवळच्या एका गावच्या मांगवाड्यातून आले आणि ख्रिस्ती झाले. सेक्रेटरीबाईंचे पणजोबा ब्राह्मण होते आणि तेही ख्रिस्ती झाले. दोघांचा बाप्तिस्मा एकाच पाण्यानं झाला. पण बाई आपल्या पणजोबांची जात ओळख करून देताना दुसऱ्याच वाक्यात सांगतात. येशूचं नाव त्यानंतर येतं, आलं तर.

मी पातेलं उचललं. घरी न्यायचं की काय, हे मी ठरवलेलं नव्हतं. पाय व्हरांड्यातून हॉलकडे वळले. तिथं समितीची शेवटची पंगत बसली होती. टेबलावर चिकन पुलाव, पुऱ्या, कटलेट, दोन प्रकारचे केक. मी पातेलं मधोमध ठेवलं आणि चमच्याच्या दांड्यानं कणीक फोडली. मटण अजून कोमट होतं. वास हॉलभर गेला.

मी खजिनदारांच्या ताटाकडे पळी नेली. त्यांनी ताटावर हात धरला.

“माझा आज उपास आहे.”

त्यांच्या ताटात कोंबडीची तीन हाडं होती.

दुसऱ्या एका सदस्याला डॉक्टरांनी मटण बंद केलं होतं. तिसऱ्याला अचानक फोन आला. सेक्रेटरीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी त्यांना म्हणालो, “बाई, चवीपुरतं घ्या. तिखट आहे की नाही ते तरी कळेल.”

“माझं झालंय,” त्या म्हणाल्या. कस्टर्डची वाटी अजून हातात होती.

पाळकसाहेब उठले. मवाळ माणूस. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला आणि आवाज खाली आणून म्हणाले, “बेटा, जेवणावरून काय वाद करायचा. असं कर, मला डब्यात दे. मी घरी नेऊन खातो.”

“इथं खा, साहेब.”

“इथं कशाला आता. सगळ्यांची जेवणं झालीत.”

रोहन मला बाहेर घेऊन आला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो म्हणाला, “अरे, मी तुझ्याकडे किती वेळा जेवलोय. काकूंच्या हातचं मटण मला माहीत नाही का?”

“मग चल आत. एक तुकडा घे.”

“आत्ता नको ना. आई आहे. उद्या घरी येतो, पोटभर खातो. तू ग्लोव्हज घाल, चारला मॅच आहे.”

तो माझा बारा वर्षांचा मित्र. बंद दाराआड माझ्या ताटात जेवणारा. त्या दिवशी मला सर्वांत जास्त किळस त्याची आली. बाईंना निदान आपण काय करतोय हे माहीत होतं.

मी आत जाऊन पातेलं उचललं आणि मैदानावर आलो. झाडाखाली मनमाडचा संघ बसला होता. रेल्वे कॉलनीतली पोरं, सकाळच्या गाडीनं आलेली, अंतिम सामन्यातले आमचे प्रतिस्पर्धी. त्यांच्या वाट्याला नुसता पुलाव आला होता, तोही खालचा. त्यांच्या कॅप्टननं पातेल्यात डोकावून पाहिलं.

“काय भाऊ, आम्हाला पळता येऊ नये म्हणून चारतोय का?”

“नाही. खायचं तर खा.”

“विष-बिष?”

“तिखट आहे म्हणतात.”

“मग आण की हिकडं. सकाळपासून चहावर हाय आम्ही.”

अकरा खेळाडू आणि त्यांचा म्हातारा कोच. पुलाव संपला तेव्हा त्यांनी ब्रेड मागवला. कोचनं पळी चाटली आणि विचारलं, “कुणाच्या हातचं?” मी सांगितलं. तो म्हणाला, “बाईला सांग, मसाला जमलाय. मीठ थोडं कमी पडलं.” आईच्या स्वयंपाकावर त्या चर्चच्या आवारात कुणी दिलेलं ते पहिलं मत. दोष काढायला सुद्धा आधी चाखावं लागतं.

चार वाजता रोहन माझे ग्लोव्हज घेऊन आला. मी घेतले नाहीत.

“अरे, नाटक करू नको.”

“मी खेळणार नाही.”

“एका पातेल्यासाठी?”

“हो.”

मी बांधावर बसून सामना पाहिला. गोलमध्ये त्यांनी एका बॅकला उभं केलं. मनमाडनं तीन गोल मारले. पोटभर जेवून. ढाल त्यांच्याकडे गेली. संपल्यावर खजिनदार माझ्याजवळून जाताना मोठ्यानं म्हणाले, “देवाच्या घरात जात आणली या पोरानं.” म्हणजे ती तोवर तिथं नव्हतीच. मी स्कूटरवरून घेऊन आलो होतो.

घरी आलो. आईनं रिकामं पातेलं पाहिलं आणि तिचा पहिला प्रश्न होता, “सांडलं का रं?”

“संपलं.”

“कोणी खाल्लं?”

मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल किंवा मला जवळ घेईल. तिनं पातेलं मोरीत ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून बोलली.

“मला ठाऊक नव्हतं व्हय? पहिल्याच वर्षी कळलं. टेबलाखाली ठेवलेलं मीच बघितलं.”

“मग नेत का राहिलीस?”

“नेलं नसतं तर म्हणले असते, ह्यांना मंडळीत मिसळायचं नाय. नाव निघालं असतं. आन् तू तर त्या मैदानावरून हालत नव्हता. तुझं खेळणं बंद झालं असतं.”

एवढंच बोलली. मग तिनं पातेलं घासायला घेतलं. त्या दिवशी आमच्या चाळीत कुणाला चर्चचं मटण मिळालं नाही. शमीमचाची दारात येऊन “क्या हुआ इस बार?” विचारून गेल्या.

म्हणजे हिशेब असा होता. मी दहा वर्षं त्यांच्यासाठी ज्या गोलमध्ये उडी घेत होतो, तिथली माझी जागा आईनं स्वतःचं अन्न टेबलाखाली ठेवू देऊन राखली होती. त्यांना माझे हात हवे होते. तिचे नको होते. आणि मी खांद्यावर बसून हसत होतो.

बुधवारी पाळकसाहेब घरी आले. आईनं चहा केला. त्यांनी तो घेतला. घर आमचं होतं, बघायला कुणी नव्हतं. त्यांच्या पिशवीत टाइप केलेला कागद होता. मंडळीत फूट पाडल्याबद्दल आणि प्रीतिभोजनाचा अवमान केल्याबद्दल मी दिलगीर आहे, अशा दोन ओळी. खाली माझं नाव, सहीसाठी जागा.

“सही कर बेटा, विषय संपेल. नाहीतर समिती सदस्यत्वाचा विचार करणार म्हणते.”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं पाळकसाहेबांची बशी उचलली आणि त्यांनी शेजारी काढून ठेवलेलं पेन तिथंच राहू दिलं, माझ्यापासून लांब.

मी कागद परत दिला. म्हणालो, “माझं नाव काढा. पण कारण लिहून काढा. यांच्या घरचं अन्न आम्ही खात नाही, असं स्पष्ट लिहा. आणि रविवारी उपासनेत, सगळ्या मंडळीसमोर, वेदीवरून मोठ्यानं वाचा. मी ऐकायला हजर असेन.”

दोन वर्षं झाली. अजून कुणी काही वाचलेलं नाही. नावही निघालेलं नाही. ते दोन्हीची हिंमत करत नाहीत. वाट बघतात की आम्ही आपणहून दुसरं चर्च शोधू. शहरात चर्च खूप आहेत, असं मला तीन जणांनी प्रेमानं सुचवलं आहे.

आम्ही जाणार नाही. मी त्यांच्यासाठी पुन्हा खेळणार नाही, त्यांच्या खुर्च्या उचलणार नाही, त्यांच्या पंगतीत वाढणार नाही. पण दर रविवारी आईला घेऊन जातो आणि पहिल्या बाकावर बसतो, जिथं सेक्रेटरीबाईंचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बसत आलं. त्या आता तिसऱ्या बाकावर असतात. त्यांना तिथून हवं तर आणखी मागं जाता येईल. आम्ही उठणार नाही.