सासऱ्यांची चाकं आणि माझे ब्रेक

मंडळी, कोपरीच्या सायबर कॅफेत बसून लिहितोय, कारण घरी जायची हिंमत होत नाहीये.

गेल्या वेळी एकवीरेहून परतताना खंडाळ्याच्या घाटात आमच्या पिकअपचे ब्रेक इतके तापले, की दाबूनही गाडी थांबेना. मागे अख्खं घर बसलेलं. म्हणून आज कळव्याच्या गॅरेजात मोठे ब्रेक टाकायला गेलेलो.

ब्रेक बसले, पण चाक चढवलं तर ते आतून नव्या ब्रेकला घासायला लागलं. मेकॅनिक म्हणाला, "ही फॅन्सी चाकं काढ, कंपनीची लाव."

ती चाकं सासऱ्यांनी लग्नात दिलेली. दर दसऱ्याला कोलशेतहून येऊन ते स्वतः त्यांना हळद-कुंकू लावतात.

गॅरेजातूनच सासऱ्यांना फोन लावला. "मामा, चाकं काढावी लागतील."

"काढ ना. लग्नात दिलेलं अजून काय काय परत करनार, ते पन सांग."

हे एव्हाना बायकोपर्यंत पोचलं असणार. गाडी गॅरेजात, चाकांशिवाय ठोकळ्यांवर उभी आहे.

तुम्ही काय केलं असतं? चैत्रात एकवीरेची जत्रा, म्हणजे पुन्हा तोच घाट आहे. पुढच्या सीटवर मामाच बसतात, आणि उतार लागला की माझा दंड घट्ट धरून म्हणतात, "हळू रे, बाला."