केवलरामनं साफ केलेलं तळं

मैनाबाईला कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टर ६ मधलं काहीच पटत नसे. नळाच्या पाण्याला चव नाही, कुंपणावरची बोगनवेल ना खायच्या कामाची ना गुरांना घालायच्या, आणि पोरगा केवलराम तर पाणीपुरवठ्यात ऑपरेटर झाल्यापासून भातसुद्धा चमच्यानं खाऊ लागला होता. भंडाऱ्याकडच्या तळ्याकाठी चिखलात लोळून वाढलेलं हे कार्टं आता शेवाळ दिसलं की नाकाला रुमाल लावी. तिला त्याची किळस येई, आणि ती ते लपवतही नसे.

कारखान्यासाठी उठलेल्या गावाचं एक तळं सेक्टरच्या मागे उरलं होतं. तिथं गेलं की तिला माणसात आल्यासारखं वाटे. काठानं पसरलेली करमत्ता भाजी, चिखलात कमळाचे कांदे, पाण्यात केसांसारखं लांब शेवाळ आणि त्यात चरणारे मासे. गावाहून ओल्या पोत्यात शिंगाड्याचे वेल आणून तिनं तिथं सोडले होते, तेही छान धरले होते. नवरा गेल्यावर पोराच्या जिवावर खाणं तिला नकोसं वाटे. तळ्यातलं मात्र तिचं स्वतःचं होतं.

ती तिथलं काढून आणून घरी रांधते हे कळलं असतं तर केवलरामनं घर डोक्यावर घेतलं असतं. ऑपरेटरची माय डबक्यात उतरते म्हणजे त्याचं नाकच कापलं जायचं. म्हणून ती सगळं दुर्गच्या बाजारातून आणलं असं सांगे. आणि हा शहाणा बोटं चाटून खाई, वर बाजाराची तारीफ करी. चिखलाची चव विसरलेल्या त्या जिभेची तिला कीव येई.

कार्तिकात शिंगाडे भरत आले. तेवढ्यात शेजारच्या एका साहेबानं तळ्याच्या वासाबद्दल कुरकुर केली आणि केवलरामला स्फुरण चढलं. कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्यानं कुठून तरी शेवाळ मारायच्या मोरचुदाची पोती पैदा केली आणि तळ्यात रिकामी केली. शेवाळ मेलं, मासे उलटे झाले, शिंगाड्याची पानं काळी पडली. वर तो मायला मुद्दाम दाखवायला घेऊन गेला.

"पाय माय, तळ दिसून राहिला. सारा कचरा साफ केला."

त्याच्या मुस्काटात मारावी असं तिला वाटलं. ती पाठ फिरवून घरी आली.

एकादशीला केवलराम अंघोळ करून, गंध लावून पाटावर बसला आणि त्यानं दरसालचे उकडलेले शिंगाडे मागितले. मैनाबाईनं त्याच्यापुढे रिकामं ताट आणि पाण्याचा गडू ठेवला. बाजारात आले नाहीत का, त्यानं विचारलं.

"मी बाजारात कधी गेलीच नाही," ती म्हणाली. "इतके साल तू त्याच कचऱ्यातलं खाऊन राहिला होता. आता पानी पी, साफ हाये. अन मले बी दे. आजपासून मी बी तुयाच जिवावर."